बेडकीवरचं घर

रविवारी सकाळी आईच्या घराचं कुलूप काढलं तेव्हा दार नेहमीसारखंच अडलं. पावसाळ्यात ते फुगतं आणि दिवाळी होऊन गेली तरी रुसलेलंच असतं. आई खालच्या कोपऱ्यात पायाने एक धक्का द्यायची, तसा मीही दिला. दार उघडलं आणि बंद घराचा वास आला, ओलसर चुन्याचा, कपाटातल्या घडीच्या कपड्यांचा, आणि त्यात मिसळलेला हिंगाचा. आईला जाऊन वर्ष होत आलं, पण तिच्या हिंगाला ते कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. मी खिडक्या उघडल्या आणि थोडा वेळ जमिनीवरच बसले.

घर विकायचं होतं. त्यात आता काही प्रश्न उरला नव्हता. माझी शाळा उल्हासनगरला, नवऱ्याचं काम तिथेच, धाकटा भाऊ पुण्याला. प्रश्न होता तो कुणाला विकायचं याचा. गिऱ्हाइकं दोन होती. एक दलालाने आणलेले ठाण्याचे गृहस्थ. त्यांची बदलापुरात तीन घरं आधीच कुलूप लावून ठेवलेली आहेत, आमचं चौथं. त्यांचा आकडा ऐकून माझ्या नवऱ्याने उठून पंखा वाढवला होता. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे सायली, आमच्या चांगुणा मावशीच्या लेकीची लेक. ती अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करते, तिचा नवराही तिथेच, आणि लग्न झाल्यापासून दोघं इथेच गावात भाड्याच्या घरात आहेत. कर्ज काढून, बांगड्या मोडून त्यांना जमत होतं ते ठाण्याच्या गृहस्थांपेक्षा बरंच कमी होतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारतीला लिफ्ट नाही आणि माझ्या गुडघ्यांचा आता जिन्याशी कायमचा तंटा आहे. लिफ्टवालं घर घ्यायला आम्हाला जेवढे पैसे कमी पडत होते, दोन आकड्यांतला फरक जवळजवळ तेवढाच होता.

भाऊ फोनवर म्हणाला होता, "ताई, तू ठरव. माझा वाटा फक्त बाजारभावाने दे. पुढे तू दान कर नाहीतर दिवाळी कर." तो वाईट नाही. त्याची दोन मुलं कॉलेजात आहेत. म्हणजे जे सोडायचं ते माझ्या एकटीच्या पदरातून जाणार होतं, आणि संध्याकाळपर्यंत दलालाला हो की नाही ते सांगायचं होतं.

दलाल दहा वाजता येऊन गेला. भला माणूस, पण त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. "मॅडम, इमोशनल नका होऊ. वेस्टचा रेट बघा ना, रोज वर चाललाय. शेअर रिक्षाने स्टेशन दहा मिनिट, मागे नदी, बिल्डिंग उद्या रिडेव्हलपमेंटला जाणार, और क्या चाहिए? तुमच्या आईबाबांनी घेतलं तेव्हा इथे होतं तरी काय?"

"बेडूक," मी म्हणाले.

त्याला ती थट्टा वाटली. तो हसला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेला. पण खरंच बेडूक होते.

त्याआधी आम्ही विठ्ठलवाडीला चाळीत राहायचो. बाबा एमआयडीसीत एका इंजिनिअरिंग कारखान्यात लेथवर होते, आई मुंबईला ऑफिसात. चार जणांना एक खोली पुरेना म्हणून बाबा सुटीच्या दिवशी घरं बघत हिंडायचे. आम्ही छप्पनच्या साली बौद्ध झालेल्या घरातले. आडनाव सांगितलं की समोरच्याला एकदम आठवायचं, अहो, ते घर तर कालच गेलं. अशी दोन-तीन घरं आमच्या देखत काल गेली. शेवटी बाबा बदलापूरला पोचले, आणि बदलापूरच्याही पुढे, नदीच्या अंगाला या गावात. नातेवाइकांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. आत्या म्हणाली, "तिथे साप भाड्याने राहतात, तुम्ही कशाला मालकीचं घेताय?" घर स्वस्त होतं. इतकं स्वस्त, की आईला वाटलं बाबा आकडा सांगताना एक शून्य विसरले. त्या पैशात आज इथे गाडी लावायची जागासुद्धा येत नाही.

भाताच्या शेतांच्या मधोमध एक मजली इमारत उभी होती, खाली चार घरं आणि वर चार. रस्ता नव्हता, बांध होता. भात नुकतंच कापलेलं, पेंढ्याचा उबदार वास सगळीकडे, आणि इमारतीच्या पायरीवर एक बाई नऊवारीचा काष्टा मारून बसलेली, हातात विळा. इमारतीखालची जमीन तिची आणि तिच्या नवऱ्याची होती. आगऱ्यांचं जुनं घर, वीस पावलांवर कौलारू. तीच चांगुणा मावशी. तिने बाबांना आडनाव विचारलं नाही. तिने आईला विचारलं, "तुमी रोज गारीला जानार?"

आई म्हणाली, हो, मुंबईला.

"न ह्ये कारखान्यात. मंग पोरांना बगल कोन?"

 तेच तर आईला रात्रंदिवस खात होतं. मावशी पायरीवरून उठली, विळ्याने पायातला चिखल खरवडला आणि म्हणाली, "चावी माझे जवल ठेवा."

अशी आमची चावी तिच्याकडे गेली. आणि एकट्या आमचीच नव्हे. पुढच्या दोन-तीन वर्षांत आजूबाजूला तशाच बुटक्या इमारती उठल्या, त्यांत आमच्यासारखीच माणसं आली, सकाळी उजाडता जाणारी आणि दिवस बुडाल्यावर येणारी, आणि सगळ्यांच्या चाव्या मावशीच्या ओटीवर जमल्या. ओटीवर एक लांब फळी होती, तिला खिळे ठोकलेले. मावशीला अक्षर येत नव्हतं, त्यामुळे घर नंबर चार, बिल्डिंग बी, हे सगळं तिच्या दृष्टीने हवेत लिहिलेलं. तिने फळीवर आपलं शेत मांडलं होतं. प्रत्येक खिळा म्हणजे तिच्या शेताचा एक तुकडा, जिथे होता तिथेच. खलवट म्हणजे जिथे पूर्वी खळं होतं ते. करंजाखालचा. ढवल्याचा, जिथे तिचा पांढरा बैल शेवटचा बसला. नवरीचा, जिथे तिच्या स्वतःच्या लग्नाचा मांडव पडला होता. ज्या तुकड्यावर ज्याचं घर, त्या खिळ्याला त्याची चावी. बँकेतले एक साहेब गावात कडक इस्त्रीचे कपडे घालून फिरायचे, पण मावशीच्या ओटीवर ते 'ढवल्याचे' होते आणि त्यांना तसंच मागावं लागायचं, "मावशी, ढवल्याची चावी द्या."

आमचं घर होतं बेडकीवर. त्या खोलगट तुकड्यात दिवाळीपर्यंत पाणी साचायचं आणि पाऊस आला की पहिला बेडूक तिथे ओरडायचा. मला या पत्त्याची फार लाज वाटायची. शाळेत कुणीतरी ओरडायचं, "ए बेडकी!" आणि मी घरी येऊन आईशी भांडायचे, की आपण नवरीच्या तुकड्यावर का नाही घर घेतलं. आई थकलेली असायची. ती म्हणायची, "बेडकीवर थंड असतं." हे मात्र खरं होतं. मे महिन्यात सगळं गाव भाजून निघायचं आणि आमच्या फरशीवर पाय टेकला की बरं वाटायचं.

शाळेतून आलं की आधी मावशीकडे. तिच्या घरात चुलीचा, भाजलेल्या सुकटीचा आणि ओल्या पेंढ्याचा वास एकत्र राहायचा. ती तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी द्यायची, वर कच्चा कांदा. अभ्यास कर असं तिने आम्हा भावंडांना जन्मात सांगितलं नाही. ती भिजवलेल्या वालाचं पातेलं पुढे ठेवायची आणि म्हणायची, "सोल." वाल सोलता सोलता माझी नखं मऊ पडायची आणि पाढे आपोआप पाठ व्हायचे, कारण हातांना काम असलं की तोंडाला काहीतरी लागतं. अजूनही वर्गात पाढे घेताना माझ्या नाकाला मोड आलेल्या वालाचा वास येतो. मुलांना तो येत नाही, हे मला आता आता कळलं आहे.

दुपारभर मावशी आणि तिची सून चाव्या घेऊन घराघरांतून फिरायच्या. कुणाचा गॅस घ्यायचा, कुणाच्या पिंपात पाणी भरायचं, कुणाच्या म्हाताऱ्या सासूला गोळी द्यायची. आभाळ भरून आलं की दोघी पळत सुटायच्या, आणि दहा मिनिटांत सगळ्या घरांचे वाळत घातलेले कपडे मावशीच्या ओटीवर एकाच ढिगात येऊन पडायचे. संध्याकाळी ज्याने त्याने आपले शोधून न्यायचे. बाबांचा शर्ट लगेच सापडायचा, त्याला मशीनच्या तेलाचा वास कितीही धुतला तरी असायचाच. बँकेतल्या साहेबांची इस्त्रीची ऐट त्या ढिगात पार उतरायची.

बाबांनी एकदा पहिल्या बोनसमधून तिला काही द्यायचा प्रयत्न केला. तिने पाकीट हातातही घेतलं नाही. म्हणाली, "जमीन इकली. राखन नाय इकली." बाबा ते वाक्य पुढे कितीतरी वर्षं लोकांना सांगत राहिले.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती दिवेलागण. गावातल्या कितीतरी बायका तेव्हा गाडीत असायच्या, घरी पोचेपर्यंत साडेसात-आठ. तिन्हीसांजेला घर अंधारात असू नये, असं मावशीचं मत होतं. मग ती कुलपं काढत जायची. कुणाच्या देव्हाऱ्यात निरांजन, कुणाच्या तुळशीपाशी पणती, कुणाकडे नुसताच बाहेरचा बल्ब. आमच्याकडे देव्हारा नव्हता, बुद्धांची तसबीर होती. पहिल्याच आठवड्यात तिने आईला विचारलं, "तुमचे घरात काय लावतान?" आई जरा बिचकली असावी. म्हणाली, "मेणबत्ती." त्या दिवसापासून मावशी मेणबत्ती लावू लागली. काडी पेटवायच्या आधी हात पदराला पुसायची, पदर डोक्यावरून घ्यायची. आई सांगायची, की बांधावरून येताना दुरून आपली खिडकी उजळलेली दिसली की खांद्यावरची पिशवी हलकी व्हायची. आमच्या चाळीतली कितीतरी माणसं कामावरून येऊन अंधाऱ्या घरात दिवा लावत. आईला पुढे बावीस वर्षं तो लावलेला मिळाला.

या चाव्यांनी एकदा मोठा घोटाळा केला. बेडकीच्या खिळ्याला दोन चाव्या होत्या, खालची आमची आणि आमच्याच डोक्यावर राहणाऱ्या काका-काकूंची. काकू सोवळ्यातल्या. स्वभावाने गोड, आमच्या दारात उभ्या राहून तासभर बोलायच्या, पण आमच्याकडे पाणी कधी प्यायल्या नाहीत. आईने विचारलं की, "आत्ताच प्यायले हो." आमच्या दारात त्यांना तीन वर्षं तहान लागली नव्हती.

त्यांच्या शुभाताईला बघायला कर्जतहून माणसं येणार होती. काका-काकू त्यांना घ्यायला स्टेशनवर गेले, आणि पाहुणे आधीच्या गाडीने येऊन भलत्याच वाटेने चालत थेट मावशीच्या ओटीवर पोचले. मावशीला वाटलं, उन्हातून आलेली माणसं दारात कशी ठेवायची? तिने बेडकीची चावी काढली. वरची की खालची, हे बघायचं तिच्या मनातही आलं नाही. तुकडा एकच ना. तिने आमचं घर उघडलं, सतरंजी घातली आणि मला पाणी द्यायला सांगून निघून गेली. मी अकरा वर्षांची. मी पाणी दिलं, मग डब्यातला चिवडा दिला, मग त्यांनी विचारलं म्हणून आपण पाचवीत आहोत हेही सांगितलं. त्यांना मी नवरीची धाकटी बहीण वाटले. मला ते आवडलं, म्हणून मी गप्प राहिले.

काका-काकू परत आले तेव्हा मंडळी आमच्या सतरंजीवर सैलावली होती. मुलाचे वडील बुद्धांच्या तसबिरीकडे बघून म्हणत होते, "छान शांत वाटतं हो तुमच्या घरात." काकूंचा चेहरा मला अजून दिसतो. आता उठा, हे आमचं घर नव्हे, असं म्हणायचं कसं? शुभाताई इतका वेळ वर आतून कडी लावून तयार होत होती, हे मावशीला ठाऊकच नव्हतं; ती खाली आली, आमच्याच स्टुलावर बसली आणि आमच्याच कपांतून तिने सगळ्यांना चहा दिला. मुलाच्या आईने आग्रह केला, "अहो, तुम्ही पण घ्या ना." काकूंनी कप उचलला. सगळ्यांदेखत प्यायल्या. लग्न ठरलं तिथेच. त्यानंतर काकू आमच्याकडे नुसतं पाणीच नाही, तर चार वाजता हक्काने चहा प्यायला येऊ लागल्या, आणि आईच्या आजारपणात पहिला भाताचा डबा त्यांच्याकडून आला. मावशीला कुणी विचारलं, की मुद्दाम केलंत का, तर ती चिडायची. "मुद्दाम कनाला? बेडकी ती बेडकीच."

मग काय झालं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. उरलेली शेतंही इमारतींखाली गेली, इमारतींवर मजले चढले, त्यांना इंग्रजी फुलांची नावं लागली. मावशीच्या मुलांनी पैसे वाटून घेतले, लग्नं धूमधडाक्यात झाली, गाड्या आल्या आणि गेल्या. तिचं कौलारू घर गेलं, त्या जागी जी इमारत झाली तिच्यात तिला तळमजल्यावर एक घर मिळालं. लेकींना काही मिळालं नाही, त्यामुळे सायलीलाही नाही. चाव्यांचं म्हणाल तर कुणी भांडून चावी नेली नाही. कुणी निवृत्त झालं, कुणाची सून घरी असायला लागली, कुणाच्या दाराला आपोआप लागणारं कुलूप आलं. एकेक खिळा रिकामा होत गेला. मी लग्न होऊन उल्हासनगरला गेले आणि मला वाटतं मी मागे वळून फारसं पाहिलंही नाही. माणूस पोटापाण्याच्या नादात असला की कृतज्ञ व्हायचं राहून जातं.

आई मात्र इथेच राहिली. बाबा गेल्यावर मी तिला कितीदा म्हटलं, माझ्याकडे चल. ती म्हणायची, "तुझे तीन मजले चढून मी बुद्धाआधी निर्वाणाला जाईन." ती आणि मावशी संध्याकाळी आवारातल्या बाकावर बसायच्या.  आईच्या अंगात बळ राहिलं नाही तेव्हा सायली कामावर जाण्याआधी रोज सकाळी डोकावायची, गोळ्या काढून ठेवायची. शेवटच्या सकाळी आईला आधी तिनेच पाहिलं, आणि मला फोन करून म्हणाली, "ताई, तुम्ही सावकाश या. मी बसलेय त्यांच्यापाशी." मी पोचेपर्यंत दीड तास ती बसून होती. त्या दिवसाचा तिचा पगार कापला गेला, हे मला फार उशिरा कळलं.

तर अशा घराचा भाव करायचा होता. दुपारी दोनच्या सुमारास मी मनाशी ठरवलं, कुलूप लावलं आणि मावशीकडे गेले.

ती दारातच सुपात तांदूळ पाखडत होती. आता ऐंशीच्या पुढे आहे, पण सूप अजून तिच्या हातात हलकं चालतं. "ये गो. जेवलीस? हा बग, दुकानातला नवा तांदूल. ह्याना वासच नाय." मी तिच्यासमोर भिंतीला टेकून बसले.

"काय ठरवलास?"

"सायलीला द्यायचं ठरवलं."

ती आनंदेल असं मला वाटलं होतं. तिने वरही पाहिलं नाही. "ठान्याचा मानूस किती देतो?" मी सांगितलं. "न सायली?" तेही सांगितलं. मावशीला अक्षर येत नसलं तरी वजाबाकी आमच्या मुख्याध्यापकांपेक्षा झटकन येते. सूप थांबलं.

"मंग सायलीला कनाला देतंस?"

याचं उत्तर मी येताना घोकून आले होते. "मावशी, तू आमच्यासाठी एवढं केलंस. आम्हाला वाढवलंस, तू आणि सायलीने आईला शेवटपर्यंत बघितलंत. त्याची थोडी तरी परतफेड..."

तिने सूप खाली ठेवलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "परतफेड म्हंजे मोल," ती म्हणाली. "चालीस घरांच्या चाव्या होत्या माझे जवल. कुनाचा पैसा घेतला नाय. तुझे बापासचा पन नाय. इतकी वरसां त्याचा मोल कुनी काढला नव्हता. आज तू काढलास. न माझेच नातीचे हातानं मना देतंस."

मला कुणीतरी वर्गाबाहेर उभं केल्यासारखं झालं. डोळ्यांत पाणी आलं आणि ते रागाचं होतं, माझ्यावरच्याच. चांगलं करायला गेले होते, आणि या बाईच्या आयुष्यातल्या एकुलत्या एक अभिमानाला मी किमतीची चिठ्ठी लावली होती.

"दे त्या मानसाला," ती म्हणाली, आणि तिचा आवाज आता मऊ होता. "तुझे गुरघे दुखतान. सायली बगल दुसरा घर. जवान हाय ती."

खरं सांगते, क्षणभर मला हायसं वाटलं. मी सुटले होते. मी विचारलं होतं, तिने नाही म्हटलं होतं, आता लिफ्टचं बटण दाबायला मन स्वच्छ होतं. मी उठायला हात टेकला. समोर नवी उंच इमारत दिसत होती. तिच्या अर्ध्याअधिक खिडक्यांना अजून कारखान्यातून आलेला प्लास्टिकचा कागद तसाच होता. घेणाऱ्यांनी घेऊन ठेवलेली घरं. बेडकीलाही असंच कुलूप लागणार होतं. आणि मी? मी पुढच्या दिवाळीत रिक्षातून उतरणार होते, मावशीला भेटणार होते, तिची सून बशीत बिस्किटं ठेवणार होती आणि तासाभराने मी येते म्हणणार होते. मावशी आहे तोवर. नंतर त्याचंही कारण नाही.

मी परत खाली बसले.

"मावशी, मी खोटं बोलले. परतफेड वगैरे काही नाही. मला भीती वाटते."

"कनाची?"

"त्या माणसाला घर दिलं की माझं इथे काहीच राहत नाही. आई नाही. या गावात मी कुणाच्या घरी जाणार? सायली तिथे असली तर मला दार वाजवता येईल. कुणीतरी आतून उघडेल, जेवलीस का विचारेल. मला ते पाहिजे, मावशी. लिफ्टपेक्षा जास्त पाहिजे."

तिने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी खोटं बोलले की बघायची तशी. या वेळी तिला काही सापडलं नसावं.

"मंग तसा बोल ना," ती म्हणाली. "तू देत नाय. तू मागतंस."

"हो."

"मंग माग."

मी पन्नाशी ओलांडलेली बाई. रोज साठ मुलांना हात बांधून उभं करते. मी हात जोडले आणि म्हणाले, "मावशी, आमचं घर सायलीने घ्यावं. तिला जमेल तेवढ्यात. तू तिला सांग."

तिने सूप उचललं, दोनदा पाखडलं, कोंडा फुंकून टाकला आणि मला चहा ठेवायला सांगितला. साखर कुठे, पत्ती कुठे, हे मला विचारावं लागलं नाही.  मी गॅसपाशी उभी होते, गुडघे ठणकत होते, आणि ते तीन मजले आता माझ्या नशिबी अजून बरीच वर्षं आहेत, हे मला स्पष्ट कळत होतं. वाईट वाटत नव्हतं. कप तिच्या हातात दिला तेव्हा तिने एक घोट घेतला, अजून एक घेतला, आणि ज्याच्या दाराशी कुणी मागायला आलं आहे अशा माणसाच्या सावकाश रुबाबात म्हणाली, "ईचारतंय तिला. तिचा पन काय मत असल. पन घरातली पोर मागाला आली, तं ती नाय नाय बोलनार."

मी तिचे आभार मानले. आयुष्यात पहिल्यांदा तिने ते ठेवून घेतले.